लेझर प्रोजेक्टरसाठी रोटरी सोलेनॉइडचं शटर

लेझर प्रोजेक्टरच्या शटरचं काम एकच: वीज, सिग्नल किंवा इंटरलॉक (सुरक्षेची साखळी तुटली की लेझर तोडणारा स्विच) यांपैकी काहीही गेलं की बीम अडवणं. म्हणून स्प्रिंगने परत येणारा रोटरी सोलेनॉइडच (कॉइलला वीज मिळाली की ठरावीक कोनात फिरणारा विद्युतचुंबक) घ्या. दोन्ही टोकांना चुंबकाने अडकून राहणारा बायस्टेबल प्रकार स्वस्त मिळाला तरी इथे नको. वीज गेल्यावर तो उघडा असेल तर उघडाच राहतो. ब्लँकिंगसाठी (चित्र काढताना बीम क्षणभर विझवण्यासाठी) शटर वापरू नका. त्याला हलायला दहा-वीस मिलिसेकंद सहज लागतात, ते काम लेझर डायोडच्या मॉड्युलेशनचं (त्याची पॉवर सिग्नलने कमी-जास्त करण्याचं). गॅल्व्हो (बीम फिरवणारे आरसे) अडकल्यावरही आधी मॉड्युलेशन तुटलं पाहिजे, शटर त्यामागून येतं.

जागा: तिन्ही रंग एकत्र झाल्यानंतर, गॅल्व्होच्या आधी. ४५ अंश फिरणाऱ्या सोलेनॉइडला २५ मिमी लांबीचं पातं लावलं तर टोक साधारण १९ मिमी सरकतं. ४-५ मिमीच्या बीमला ते भरपूर आहे. पातं ०.५ मिमी ॲल्युमिनियमचं, १२ मिमी रुंद. जाड पातं हळू हलतं आणि टोकाला आपटून उसळतं. बॉडी अशी बसवा की पातं स्वतःच्या वजनानेही बंद बाजूलाच पडेल.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. पातं बीमला काटकोनात आलं तर परावर्तित प्रकाश आल्या वाटेने डायोडमध्ये शिरतो आणि डायोड खराब होऊ शकतो. बॉडी तिरकी बसवून बंद पातं बीमशी ४५ अंशांत ठेवा आणि बाजूला वळलेला बीम काळ्या ॲनोडाइझ केलेल्या हीटसिंकवर घ्या. पात्याला काळा रंग फासू नका: तो जळतो आणि धूर डायक्रोवर (रंग एकत्र करणाऱ्या काचांवर) व आरशांवर बसतो. सुपरग्लूच्या वाफेनेही काच धुरकट होते, म्हणून पातं ग्रब स्क्रूच्या बॉसवर (दांड्यावर स्क्रूने आवळायच्या कड्यावर) बसवा.

कॉइल जळण्याचं कारण जवळजवळ नेहमी ड्यूटी सायकल (एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ पूर्ण वीज देता येते) असतं. समजा कॉइल २४ व्होल्ट, २४ ओहम, १० टक्के ड्यूटीची आहे. खेचताना १ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. शो चालू असेपर्यंत शटर उघडं धरायचं असेल तर तिला सतत २.४ वॅटच झेपतात. सोपा उपाय: कॉइलच्या वरच्या बाजूला सिरीजमध्ये ५६ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि त्याला समांतर ३३०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. सुरुवातीला कपॅसिटर पूर्ण झटका देतो, मग प्रवाह ०.३ अँपिअरवर उतरतो आणि कॉइलमध्ये सुमारे २.२ वॅट उरतात. शटर बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा व्हायला पाऊण सेकंद द्या, नाहीतर पुढचा झटका कमजोर पडेल. रेझिस्टर मात्र ५ वॅट उष्णता टाकतो. तो ऑप्टिक्सपासून लांब, चेसिसला लावा.

कॉइलखाली स्विच म्हणून आयआरएल५४०एन मॉस्फेट, त्याच्या गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर. कॉइलवर नुसता १एन४००७ डायोड लावला तर प्रवाह सावकाश विरतो आणि बंद व्हायला उशीर होतो. त्याच्याबरोबर सिरीजमध्ये २४ व्होल्ट, ५ वॅटचा झेनर १एन५३५९बी लावा. दोघांचे ॲनोड एकमेकांना, डायोडचा कॅथोड कॉइलच्या वरच्या टोकाला, झेनरचा मॉस्फेटकडे. मॉस्फेटच्या ड्रेनवर (कॉइलकडच्या टोकावर) तेव्हा ४९ व्होल्टच्या आसपास येतात, म्हणून ५५ व्होल्टचा मॉस्फेट इथे अपुरा आणि १०० व्होल्टचा हवा.

आयएलडीए (लेझर शोसाठीचं प्रमाणित) डीबी-२५ कनेक्टरवर शटरचा सिग्नल पिन १३, ग्राउंड पिन २५. पाच व्होल्ट म्हणजे उघडं. केबल निघाली की १० किलोओहममुळे गेट शून्यावर येतं. इमर्जन्सी स्टॉप २४ व्होल्टच्या डीसी तारेतच तोडा. मेन्स तोडली तर एसएमपीएसमधले (२४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायमधले) कपॅसिटर शटर थोडा वेळ उघडं धरून ठेवतात.

पहिली चाचणी लेझर बंद ठेवून करा. अर्धा तास उघडं धरा, कॉइलला बोट ठेवता आलं पाहिजे. त्यानंतर उघडं असताना २४ व्होल्टची तार काढा, वेगवेगळ्या कोनांत प्रोजेक्टर धरून पुन्हा काढा. तापलेल्या कॉइलवर पातं एकदाही अर्ध्यात अडकलं तर स्प्रिंग बदला. बंद टोकाला स्लॉटेड ऑप्टो-सेन्सर बसवून त्याचा सिग्नल लेझर ड्रायव्हरच्या एनेबलला जोडा, म्हणजे बंद होण्याचा आदेश असूनही पातं जागेवर पोचलं नाही तर ड्रायव्हरच थांबेल. लेझर लावून तपासताना कमीत कमी पॉवर आणि तुमच्या तरंगलांबींसाठीचाच गॉगल वापरा. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर वर्ग ४ मध्ये येतो आणि त्याचं भिंतीवरून परतलेलं विखुरलेलं तेजही जवळून डोळा जाळू शकतं.