बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच थेट बॅटरीवर घ्या

बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी बिल्ज पंप उपसतो, आणि पाणी चढलं की तरंगून वर येणारा फ्लोट स्विच तो पंप आपोआप सुरू करतो. गंगापूर धरणावर पावसाळाभर बांधून ठेवलेल्या बोटीत पाणी शिरतं ते बहुतेक वरून, आणि तेव्हा बोटीवर कोणीच नसतं. मेन स्विच बंद करून मालक घरी गेलेला. म्हणून फ्लोट स्विचची पॉझिटिव्ह वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. हाताने चालवायचा स्विच फ्लोटला समांतर जोडा, म्हणजे दोन्हींची दुसरी टोकं पंपाच्या पॉझिटिव्हला एकत्र येतात. ऑटो-बंद-मॅन्युअल असा तीन खटक्यांचा स्विच टाळलेला बरा, कोणीतरी तो ‘बंद’वर ठेवतंच.

फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलाय तेवढाच. जलपर्णीची मुळं अडकून पंखा थांबला की मोटर कितीतरी जास्त करंट ओढते. मोठा फ्यूज तेव्हा उडत नाही, मोटर मात्र जळते.

12 व्होल्टवर 5 अँपिअरचा पंप आणि जाऊन-येऊन 8 मीटर वायर असेल तर 2.5 चौरस मिमीची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या. 1.5 ची घेतली तर जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो.

जोड बिल्जच्या तळाशी नकोत. वर, कोरड्या जागी, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवून करा. नुसती टेप गुंडाळली तर ओल आत झिरपते आणि तांबं हिरवं पडत जातं.

मेन स्विच बंद ठेवून फ्लोट बोटाने उचला. पंप सुरू व्हायलाच हवा. मग बादलीभर पाणी ओतून पाहा.