सीसीटीव्ही रेकॉर्डिंगचं सेटिंग करताना या चुका टाळा

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत गेली बारा वर्षं मी घरांना कॅमेरे बसवतोय. चोरी झाली की फोन येतो, मी जातो, प्लेबॅक उघडतो आणि पुन्हा तेच दिसतं. कॅमेरा चांगला, हार्डडिस्क चालू, चोर समोर उभा, आणि चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो, आणि ते सेटिंग कुणीतरी दुपारी, घाईत, टीव्हीकडे बघत केलेलं असतं.

लाईव्ह चित्र बघून बिटरेट ठरवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला, जोडलेल्या टीव्हीवर जे लाईव्ह चित्र दिसतं, ते कॉम्प्रेस झालेलंच नसतं. केबलमधून आलेलं चित्र डीव्हीआर थेट टीव्हीला देतो आणि दाबून लहान केलेली प्रत हार्डडिस्कवर टाकतो. बिटरेट म्हणजे रेकॉर्डिंगच्या दर सेकंदाला किती डेटा खर्च करायचा तो आकडा. तो ४०९६ केबीपीएस (सेकंदाला किती हजार बिट) ठेवा नाहीतर २५६, टीव्हीवर काडीचाही फरक पडत नाही. मग माणूस म्हणतो, ‘कमी ठेवलं तरी स्वच्छ दिसतंय की!’

एका जुलैत एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्यातून रात्री पावणेतीनला स्कूटर गेली. सकाळी सरांचा फोन आला, ‘अरे, चोर कॅमेऱ्यात आलाय, लगेच ये.’ आला होता हे खरंच. फाटकातून आत शिरला, पोर्चमधल्या कॅमेऱ्याखाली तीन पावलांवर थांबला आणि मान वर करून बघितलं. मी तिथेच पॉज केलं. रेनकोटची टोपी मागच्या भिंतीत विरघळलेली, डोळ्यांच्या जागी दोन काळपट चौकोन, हनुवटी नाहीच. सर खुर्ची पुढे ओढून बसले आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ‘जरा मोठं करून बघ.’ मोठं केलं, चौकोन मोठे झाले.

सरांना महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं होतं म्हणून त्यांच्या भाच्याने चारही कॅमेऱ्यांचा बिटरेट ५१२ वर आणला होता. हिशेब त्याचा बरोबर होता. १ एमबीपीएसला, म्हणजे साधारण हजार केबीपीएसला, दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणजे ५१२ केबीपीएसचे चार कॅमेरे दिवसाला साधारण २२ जीबी खातात आणि १ टीबीची डिस्क दीड महिना पुरते. चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॉम्प्रेशनमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एक आय-फ्रेम पूर्ण जाते, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदललेला भाग. दुपारी भिंत, तुळस, फाटक सगळं स्थिर, त्यामुळे ५१२ मध्येही भागतं. रात्री पावसात मात्र प्रत्येक थेंब कॅमेऱ्याच्या आयआरच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) उजेडात पांढरी रेघ होऊन चमकतो, म्हणजे चित्राचा कोपरा न् कोपरा दर क्षणी बदलतो. वर अंधारामुळे चित्रात मुंग्या येतात, त्याही डीव्हीआरला हालचालच वाटतात. ठरवून दिलेले बिट पावसावर आणि मुंग्यांवर खर्च होतात, चेहऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही.

म्हणून मी बसवलेल्या घरी त्याच दिवशी रात्री नऊला पुन्हा जातो. पोर्चचा दिवा बंद करायला लावतो, घरातल्या कुणालातरी हातात वर्तमानपत्र धरून फाटकातून झपझप चालायला सांगतो आणि बागेच्या पाइपने कॅमेऱ्यासमोर पाणी उडवतो. शेजारी बघत राहतात, बघू देत. मग प्लेबॅकमध्ये मोठा मथळा वाचता येतो का ते तपासतो. नाही आला तर बिटरेट वाढवतो. २ मेगापिक्सेलला, १५ एफपीएसवर (सेकंदाला १५ फ्रेम), एच.२६५ ही नवी कॉम्प्रेशन पद्धत असेल तर २ एमबीपीएसपासून सुरुवात करतो, जुनी एच.२६४ असेल तर ४ पासून. ज्यांना ही एक रात्र द्यायची नाही, त्यांनी घरी कॅमेरे आहेत या भरवशावर झोपू नये.

सगळीकडे ‘प्लस’ चालू करणं

एच.२६५ च्या पुढे प्लस किंवा स्मार्ट असं काही लिहिलेलं दिसलं की नवखे लगेच टिक करतात. हे कंपन्यांनी वर जोडलेलं तंत्र आहे. स्थिर चित्रात खूप जागा वाचवतं, पण त्यासाठी आय-फ्रेममधलं अंतर वाढवतं आणि बिटरेटचा लगाम तुमच्या हातून काढून घेतं. नेमक्या सेकंदावर जायला गेलं की प्लेबॅक अडखळतो. गच्ची आणि मागचं दार, तिथे मी प्लस ठेवतो. फाटकाला साधं एच.२६५ आणि दर दोन सेकंदांना आय-फ्रेम. मेनूत हे अंतर सेकंदांत नाही, फ्रेममध्ये लिहायचं असतं. २५ एफपीएसला ५० बरोबर, पण एफपीएस १५ केलं तर तो आकडा ३० करायचा, हे जवळजवळ सगळेच विसरतात.

बाकीच्या

चारही कॅमेऱ्यांना एकच सेटिंग देऊ नका. फाटकावर चेहरा हवा असतो, गच्चीवर कुणी आलं एवढं कळलं तरी पुरतं.

२५ एफपीएस ठेवलं म्हणून पळत्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. तो शटरचा, म्हणजे एक फ्रेम टिपायला किती वेळ घेतला जातो त्याचा, प्रश्न आहे.

डीव्हीआरवर ‘१०८० लाईट’ किंवा ‘१०८०एन’ दिसलं तर आडवे पिक्सेल जवळपास निम्मेच साठवले जातात. फाटकाच्या चॅनेलला पूर्ण १०८० मिळत असेल तर तेच घ्या.

मोबाईलवर अडकतंय म्हणून मेन स्ट्रीम, म्हणजे डिस्कवर जाणारं चित्र, कमी करणारे मला रोज भेटतात. मोबाईलसाठी सब स्ट्रीम असते, ती कमी करा. रेकॉर्डिंगला हात लावू नका.

जागा वाचवायला आवाज बंद करू नका. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीचा आवाज ६४ केबीपीएस, दिवसाला पाऊण जीबीसुद्धा नाही.

एच.२६५ ची फाइल पोलीस चौकीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही. बॅकअप घेताना एमपी४ निवडा आणि पेनड्राइव्हवर सोबत व्हीएलसी प्लेअर टाकून द्या.

कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं धरलं की ते रात्रभर आयआरमध्ये हलतं आणि बिट खात राहतं. महिन्यातून एकदा झाडू फिरवा. पोर्चमध्ये रात्रभर ९ वॅटचा एलईडी ठेवला तर मुंग्या कमी होतात आणि त्याच बिटरेटमध्ये चेहरा सुधारतो.

सरांकडे आता फाटक आणि पोर्च ३ एमबीपीएसवर, मागचं दार आणि गच्ची १ वर आहे. दिवसाला ८६ जीबी लागतात, त्याच डिस्कवर अकरा दिवस मिळतात. त्यांना महिनाच हवाय, म्हणून दिवाळीत ४ टीबीची डिस्क घालायचं ठरलंय.