मोडल ऑक्झिलरी: पेपरमध्ये या चुका टाळा

कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजेच, मे म्हणजे कदाचित. वहीच्या मागच्या पानावरचा मोडलचा, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येणाऱ्या या सहायक क्रियापदांचा, हा तक्ता बहुतेकांचा तोंडपाठ असतो आणि ऐन पेपरात तोच दगा देतो. पेपर तपासताना एक गोष्ट सारखी दिसते: मुलांनी मराठीत विचार बरोबर केलेला असतो, पण त्याला तक्त्यातला भलताच शब्द चिकटवलेला असतो.

'शी कॅन सिंग्ज'

मराठीत ती गाऊ शकते, ते गाऊ शकतात. प्रत्यय कुठेतरी लागतोच. म्हणून हात आपोआप 'एस' लावून मोकळा होतो. इंग्रजीत मोडल बदलत नाही आणि त्याच्यामागचं क्रियापदही मूळ रूपातच राहतं. 'शी कॅन सिंग', बस. मध्ये 'टु' घालायचा नाही (ऑट टु आणि यूज्ड टु हे दोन वेगळे). दोन मोडलही शेजारी बसत नाहीत. 'आय विल कॅन कम' नाही, 'आय विल बी एबल टु कम'.

येऊ नकोस की यायला नको?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. 'यू मस्ट कम' याचं नकारार्थी करा म्हटलं, की डोळे मिटून 'यू मस्ट नॉट कम' लिहिलं जातं. पण त्याचा अर्थ 'येऊ नकोस', सक्त मनाई. सक्ती नाही, आलास तरी हरकत नाही, असं म्हणायचं असेल तर 'यू नीड नॉट कम' किंवा 'यू डोन्ट हॅव टु कम'. मराठीत आपण हा फरक अचूक करतो: 'उद्या येऊ नकोस' आणि 'उद्या यायला नको'. दोन्हीकडे 'नको' आहे, पण गल्लत होत नाही. लिहिण्याआधी वाक्य मराठीत एकदा म्हणून पाहा. आणि 'नीड नॉट टु कम' असं अर्धवट मिश्रण नको. नीड नॉट असेल तर टु नाही. डोन्ट नीड असेल तर टु हवाच.

मस्टचा भूतकाळ

'काल मला दोन तास थांबावं लागलं.' याचं 'आय मस्ट हॅव वेटेड' होतं, कारण हॅव आणि तिसरं रूप लावलं की भूतकाळ झाला अशी समजूत. 'लागलं' साठी 'हॅड टु': 'आय हॅड टु वेट फॉर टू अवर्स'. 'शी मस्ट हॅव वेटेड' हेही बरोबर वाक्य आहे, पण त्याचा अर्थ 'ती थांबली असणार', म्हणजे आपला अंदाज.

हा अंदाजाचा मस्ट मोडलचं फंक्शन ओळखा या प्रश्नातही गोत्यात आणतो. 'यू मस्ट बी टायर्ड' दिसलं रे दिसलं की ऑब्लिगेशन! अरे, दमायची सक्ती कोण करेल? तू दमला असणार, हा खात्रीचा तर्क आहे. फंक्शन डिडक्शन किंवा सर्टंटी. शंका आली तर वाक्य उलटं करा. 'तू दमलेला असणं शक्यच नाही' याला इंग्रजीत 'यू कान्ट बी टायर्ड'. उलट करताना कान्ट आला, तर तो मस्ट तर्काचाच. मोडल बघून नव्हे, पूर्ण वाक्य वाचून फंक्शन लिहा. 'कॅन आय गो?' मध्ये कॅन परमिशनचा, 'आय कॅन स्विम' मध्ये अबिलिटीचा.

कुड

दार घट्ट बसलं होतं, बराच वेळ खटपट केली आणि शेवटी उघडता आलं. इथे 'आय कुड ओपन इट' चालत नाही. कुड भूतकाळातल्या कायमच्या क्षमतेसाठी: 'आय कुड स्विम अॅट फाइव्ह'. एकदाच जमलेल्या कामाला 'आय वॉज एबल टु ओपन इट'. नाही जमलं तर मात्र 'कुडन्ट' खुशाल वापरा.

'इफ आय वुड हॅव नोन'

ही चूक हुशार मुलंही करतात, आणि मला ती मुळीच मूर्खपणाची वाटत नाही. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' मराठीत दोन्ही तुकड्यांत 'असतं-असतो' येतं, म्हणून दोन्हीकडे वुड हॅव बसवला जातो. इंग्रजीत इफच्या तुकड्यात हॅड आणि तिसरं रूप. वुड हॅव फक्त दुसऱ्या तुकड्यात: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. 'तर' च्या आधी वुड नाही, 'तर' च्या नंतर वुड, एवढं धरून ठेवा.

जाता जाता स्पेलिंग. कॅनॉट हा एकच शब्द, साधारणपणे तोडून लिहीत नाहीत. आणि 'शुड हॅव' घाईत बोलताना 'शुड ऑव्ह' सारखं ऐकू येतं म्हणून तसं लिहू नका; तिथे हॅवच आहे.