स्लॅशर खुन्याच्या तोंडून लिहायचा असेल तर त्याला जोक मारू देऊ नका

स्लॅशर म्हणजे एकामागून एक खून पडत जाणारी भयकथा, तिचा साचा सगळ्यांना पाठ आहे, गावाबाहेरची जागा, पाच-सहा पोरंपोरी, फोनला रेंज नाही, मुखवटा घातलेला माणूस आणि शेवटी जिवंत राहणारी एक मुलगी. हेच सगळं मुखवट्याच्या आतून सांगायला घेतलं की बरेच जण खुन्याच्या तोंडी पंचलाइन्स घालतात आणि गोष्ट तिथेच मरते. खुनी विनोदी नसतो हो, तो प्रचंड सिरीयस असतो, आपलं काम मन लावून करत असतो, आणि त्या सिरीयसपणामुळेच आपल्याला हसू फुटतं आणि हसल्याची लाजही वाटते. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने 1843 मध्ये ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेत हेच केलंय, निवेदक आपल्याला पटवत राहतो की मी वेडा नाही, बघा ना किती काळजीपूर्वक केलं सगळं.

सिनेमाची नक्कल मात्र करू नका. ‘हॅलोविन’ (1978) सुरू होतो तो खुन्याच्या डोळ्यांनी, मग मुखवट्याच्या भोकांतून, आणि मुखवटा निघाल्यावर कळतं की हे सहा वर्षांचं पोरगं आहे. कॅमेरा खुन्याची नजर देतो पण चेहरा लपवतो. लिहिताना उलट होतं, ‘मी’ म्हटलं की त्याचं डोकंच उघडं पडतं, त्यामुळे कोण मारतंय हे रहस्य गेलंच. मग ताण आणायचा कुठून? त्याला काय कळत नाहीये यातून.

पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, तो हे सांगतोय कोणाला? पोलिसांना जबाब देतोय, वकिलाला सांगतोय, की रात्री वहीत लिहितोय? हे ठरलं की भाषा आपोआप ठरते. जबाबात माणूस स्वतःची बाजू मांडतो, वहीत हिशेब लिहितो. आणि शेवटी तो मरणार असेल तर भूतकाळात सांगायला जिवंत कोण उरलं, हा प्रश्न वाचक विचारणारच, तेव्हा अशी गोष्ट वर्तमानकाळात लिहा.

मग त्याला नोकरी द्या. समजा कर्जतचं फार्महाऊस, जुलै महिना, आणि हा तिथला केअरटेकर. आता असं लिहून बघा:

“बुकिंग सहा जणांचं, आले नऊ. मी काही बोललो नाही. मुखवटा घातला की चष्म्यावर वाफ धरते म्हणून चष्मा खिशात ठेवला, तर पहिला वार सोफ्याच्या उशीवर गेला. कव्हर सोमवारीच धुतलेलं.”

यात जोक कुठेच नाही, माणूस फक्त वैतागलाय. आणि हसू येतं ते उशीवर, मरणाऱ्यावर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. अशा बारीक गोष्टी खऱ्या असाव्या लागतात, म्हणजे रक्ताचा डाग गार पाण्याने काढायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो, हे रोज चादरी धुणाऱ्याला माहीत असणारच, तर ते त्याच्या तोंडी येऊ द्या.

मरणाऱ्यांवर जास्त मेहनत घ्या. प्रत्येकाची एक तरी गोष्ट खुन्याला दिसू दे पण कळू नये. एक मुलगी गॅलरीत फोनवर सांगतेय, “हो गं आई, जेवले,” आणि हा मनात नोंद करतो की ताट तर तसंच पडलंय, खोटारडी आहे. त्याला खोटं दिसलं, आपल्याला आईची काळजी दिसली. पुढच्या पानावर ती मेली की वाचकाला लागतं, आणि लागायलाच पाहिजे, नाहीतर ते नुसतं मटणाचं दुकान.

सगळे खून सारख्या तपशिलात लिहू नका. एक जवळून, एक शेजारच्या खोलीतून नुसता आवाज, एकाची फक्त साफसफाई.

शेवटी जिवंत राहणाऱ्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 मध्ये ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं. ती वाचते कारण ती लक्ष ठेवून असते. तुमच्या गोष्टीत ती पहिल्याच दिवशी विचारेल, “काका, रात्री गेट कोण लावतं?” आणि काकांना ती मुलगी आवडेल, कारण एवढ्या वर्षांत गेटची चौकशी कोणीच केली नव्हती. आता तिच्यामागे कोयता घेऊन धावतानाही हे आवडणं जाऊ देऊ नका, सगळ्यात काळा विनोद तिथे आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. ‘मानसिक रुग्ण होता’ एवढंच कारण देऊन मोकळं होणं, कारण अशा आजाराशी झगडणारी माणसं तुमची गोष्ट वाचणार आहेत. आणि खऱ्या हत्याकांडावर कॉमेडी, म्हणजे पुण्यातलं 1976-77 चं जोशी-अभ्यंकर प्रकरण वगैरे. ती खरी घरं होती.

ड्राफ्ट झाला की कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि ते कुठे हसले तिथे पेन्सिलने खूण करा. उशीला हसले तर ठेवा, फोनवरच्या मुलीला हसले तर तो सीन पुन्हा लिहायला बसा.