एनईएसवरचा आर्कनॉइड कसा खेळायचा (डी-पॅडवाल्यांसाठीपण)

खाली एक पट्टी, वर विटांची भिंत, मधे बॉल, बॉल खाली गेला की लाइफ गेली, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. कल्पना मूळची अटारीच्या ब्रेकआउटची, १९७६ ची. टायटो या जपानी कंपनीने १९८६ मधे त्यात कॅप्सूल (विटेतून पडणाऱ्या, वर इंग्रजी अक्षर असलेल्या पॉवरच्या गोळ्या), लेझर, न फुटणाऱ्या सोनेरी विटा आणि शेवटी एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, घातला आणि आर्कनॉइड आला. आर्केडवाला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, पण भारी आहे पण मी इथे एनईएस, म्हणजे निन्टेंडोचा घरी टीव्हीला जोडायचा कन्सोल, त्याच्या व्हर्जनबद्दलच लिहितोय, आर्केडचं मशीन घरात कोण ठेवणार.

आधी कंट्रोलरचं बघा. एनईएससाठी या गेमबरोबर एक वेगळा कंट्रोलर यायचा, त्यावर एक गोल नॉब आणि एकच बटण. नॉब जेवढा फिरवाल तेवढीच पट्टी सरकते, झटकन फिरवला तर झटकन, हळू तर हळू. डी-पॅडवर, म्हणजे साध्या कंट्रोलरवरच्या अधिक चिन्हासारख्या बटणावर, तसं नाही, तिथे दाबून धरायचं आणि वेळेवर सोडायचं, त्यामुळे डी-पॅडवाल्याने बॉल खाली येईपर्यंत थांबायचंच नाही, तो वरच्या विटेला लागला की तिथूनच अंदाज बांधून सरकायला लागायचं. एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम) खेळत असाल तर इनपुट सेटिंगमधे आर्कनॉइडचा कंट्रोलर असा पर्याय बऱ्याचदा असतो, तो निवडला की माउसने खेळता येतं आणि खरं सांगतो, गेमच बदलतो. नवीन टीव्हीवर खेळताना गेम मोड चालू करून घ्या, नाहीतर हात आणि पट्टी यांच्यात थोडा लॅग राहतो आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष देत बसाल. जुना नॉबवाला कंट्रोलर मिळाला आणि पट्टी जागेवर थरथरत असेल तर आतला पोटेन्शियोमीटर, म्हणजे नॉब किती फिरला ते मोजणारा भाग, धुळीने भरलाय असं समजा, साफ करून घेतला की बहुतेक वेळा सुधारतो.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस फक्त बॉल अडवत राहतो, कुठूनही लागला तरी चालेल, पडला नाही ना बस. त्याने पहिले दोनतीन राउंड निघतात, पुढे नाही. बॉल पट्टीच्या कुठल्या भागाला लागला त्यावर तो कुठल्या कोनात जाणार ते ठरतं. मधोमध घेतला तर जवळजवळ सरळ वर, टोकाला घेतला तर आडवा, आणि डाव्या भागावर लागला तर डावीकडे, उजव्या भागावर लागला तर उजवीकडे. म्हणजे बॉल उजवीकडून तिरका येत असेल आणि तुम्हाला तो परत उजवीकडेच पाठवायचा असेल तर पट्टी थोडी जास्त डावीकडे न्या, म्हणजे उजव्या टोकावर बसेल. पहिल्या राउंडला फक्त हीच प्रॅक्टिस करा, स्कोअर गेला खड्ड्यात. प्रत्येक वेळी ठरवायचं की आता डाव्या भिंतीकडे, आता उजव्या, आणि बघायचं जातो का.

हे जमलं की बोगदा पाडायचा. भिंतीच्या एका कडेच्या विटा एकावर एक फोडत वाट काढायची, बॉल एकदा वर शिरला की छत आणि विटांच्या मधे टपाटप आपटत राहतो आणि तुम्ही खाली निवांत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे बॉल छताला लागला की वेग वाढतो आणि दुसरं म्हणजे तो कुठल्या भोकातून खाली येईल सांगता येत नाही. त्यामुळे बॉल वर असताना पट्टी मधे आणून ठेवा आणि नजर भोकावर.

चंदेरी विटा सुरुवातीला दोन फटक्यात फुटतात, दर आठ राउंडनी एक फटका वाढतो आणि त्यातून कॅप्सूल कधीच पडत नाही. सोनेरी विटा फुटतच नाहीत, राउंड संपायला त्या फोडायची गरजही नसते, त्यामुळे त्यांच्यावर लेझर मारत बसू नका. तिसऱ्या राउंडला याच सोनेरी विटांच्या रांगा आडव्या येतात, एका रांगेची फट एकीकडे, पुढच्या रांगेची दुसरीकडे. तिथे नुसता जोर लावून काही होत नाही, कोन धरून फटीत बॉल घालावा लागतो आणि एकदा वर गेला की बराच वेळ परत येत नाही.

कॅप्सूलवर लोकं सगळ्यात जास्त मरतात. एक घेतली की आधीची पॉवर जाते हे विसरून समोर दिसेल ती पकडायला धावतात. लेझर चालू आहे आणि निळी ई पडतेय, घेतलीत की पट्टी लांब होईल पण लेझर गेला. लाल एल म्हणजे लेझर, चंदेरी विटा जास्त असतील तर हाच घ्या. हिरव्या सी ने बॉल पट्टीला चिकटतो, बटण दाबलं की सुटतो, नाही दाबलं तर थोड्या वेळाने आपणहून सुटतो, आणि तो जिथे चिकटला तिथल्या कोनातच जातो, म्हणून नेम धरायला याच्यासारखी कॅप्सूल नाही. फिकट निळी डी घेतली की तीन बॉल होतात, मजा येते, फक्त एक बॉल उरेपर्यंत नवीन कॅप्सूल पडत नाही. तीनही वाचवायचा नाद सोडा, एकच पकडून ठेवा, बाकीचे असेपर्यंत बोनस. केशरी एस ने बॉल हळू होतो, वेग हाताबाहेर गेला असेल तर सगळं सोडून ही घ्यायची. गुलाबी बी ने उजवीकडे खाली दार उघडतं आणि थेट पुढच्या राउंडला जाता येतं, राखाडी पी म्हणजे एक लाइफ जास्त, या दोन कुठल्याही परिस्थितीत. आणि कॅप्सूल आणि बॉल एकाच वेळी दोन टोकांना येत असतील तर बॉल. आपण हे वाचताना हो म्हणतो आणि खेळताना कॅप्सूलकडेच जातो.

वरच्या झडपांतून फिरत खाली येणारे ते छोटे शत्रू पट्टीला काही करत नाहीत, उलट पट्टी लागली की तेच फुटतात. त्रास एवढाच की बॉल त्यांना आपटून भलत्याच दिशेला वळतो, म्हणून पट्टीच्या जवळ आला की लगेच धडकून मोकळे व्हा.

छत्तिसाव्या राउंडला शेवटचा बॉस डो, म्हणजे एक मोठ्ठं दगडी तोंड. इथे विटा नाहीत, कॅप्सूल नाही, जे काय आहे ते साधी पट्टी आणि बॉल. तो तोंडातून काहीतरी सोडत राहतो आणि ते पट्टीला लागलं की लाइफ गेली, त्यामुळे आधी चुकवायचं मग बॉलकडे जायचं, बॉल टोकावर घेऊन आडवा पाठवलात तर तो भिंतींवरून फिरत येतो आणि तेवढा वेळ तुम्हाला चुकवायला मिळतो. फटके बरेच लागतात, पी च्या कॅप्सूल आधी जमवल्या असतील तर त्या इथे कामाला येतात.