काक्षीवर नजर ठेवायचीय? मग आधी हे जमवा

काक्षी म्हणजे मृगातला तो लालसर बीटलजूस. रूपविकारी तारा (म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं असा) असला तरी याला दुर्बीण लागतच नाही, उलट दुर्बिणीत तुलनेला तेवढा ठळक तारा शेजारी मिळत नाही, त्यामुळे नुसते डोळे, वही, पेन आणि लाल कागद लावलेला टॉर्च, झालं सामान.

खरी तयारी तुलनेच्या ताऱ्यांची. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पॉलक्स १.१, या प्रती (म्हणजे तेजाचे आकडे) वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा (आकडा लहान तेवढा तारा तेजस्वी, सुरुवातीला हे हमखास उलटं होतं). मृगातलाच बेलाट्रिक्स १.६ पण लिहा, कारण फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षीनेच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ आड आली आणि तो थेट तिथपर्यंत उतरला होता. राजन्य (मृगातला रायजेल) जवळ दिसतो म्हणून मोह होतो पण तो निळसर आणि स्वतःच किंचित बदलतो, सोडा त्याला.

अंदाज कसा करायचा तर प्रश्वा ते रोहिणी या अंतराचे मनात पाच भाग पाडायचे, काक्षी प्रश्वापेक्षा दोन भाग मंद वाटला तर ०.६, बस. पण तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर हवेत. रोहिणी आधी उगवते, त्यामुळे काक्षी क्षितिजाजवळ असताना बघाल तर हवेमुळे तो उगाच मंद वाटेल, म्हणून तो चांगला वर येईपर्यंत थांबा. आणि एकटक बघू नका बरं का, लाल तारा जितका रोखून बघाल तितका डोळ्याला जास्त तेजस्वी वाटत जातो, पटकन नजर टाकायची आणि दुसऱ्या ताऱ्याकडे वळायचं. चंद्र जवळ असेल तर तसं नोंदवा.

रोज बघायची गरज नाही, मुख्य चढउतार साधारण ४०० दिवसांचा आहे, आठवड्यातून एकदा पुरे. १९११ पासून चालू असलेल्या एएव्हीएसओकडे (रूपविकारी तारे बघणाऱ्यांची अमेरिकी संघटना) नोंदी पाठवायच्या तर त्यांचा ऑब्झर्वर कोड आधीच घेऊन ठेवा, वेळ यूटीमध्ये (ग्रीनिचच्या जागतिक वेळेत) लिहायची सवय लावा, आणि इतरांचे ताजे आकडे बघायच्या आत आपला लिहून टाका, नाहीतर डोळा आपोआप त्यांच्याकडे झुकतो. जूनच्या आसपास काक्षी सूर्याच्या उजेडात हरवतो, तेवढी पानं कोरीच राहू द्या, अंदाजपंचे काही भरू नका.