हात मागे ठेवून फोन शिकवणं

शिकवायला लागले त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मोठ्या माणसांना आणि अपंगांना फोन-कॉम्प्युटर वापरायला शिकवणाऱ्या आमच्या केंद्रात एक निवृत्त गृहस्थ यायचे. मुलीने पाठवलेला फोटो त्यांना सापडत नव्हता. मी म्हटलं, "द्या इकडे, काका." फोन घेतला, चार ठिकाणी बोट टेकवलं, फोटो काढून दिला. त्यांनी तो पाहिला, फोन खिशात घातला आणि शांतपणे म्हणाले, "एवढं तर माझा नातूही करून देतो. मग मी इथे कशाला आलो?"

तेव्हापासून वर्गात माझे दोन्ही हात पाठीमागे असतात. समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही, त्याच्या माउसवर हात ठेवायचा नाही, पडद्याला बोट लावायचं नाही. सांगायचं, थांबायचं, पुन्हा सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले काही आठवडे हात अक्षरशः शिवशिवतात.

असा वर्ग सुरू करायचा असेल तर सुरुवात नोंदणीच्या कागदापासून करा. आमच्या अर्जात आधी "अपंगत्व आहे का?" असा रकाना होता. तो बहुतेक लोक रिकामाच सोडायचे. साठीनंतर नजर अधू झाली, कानाला कमी ऐकू आलं, तरी स्वतःला अपंग म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही. आता आम्ही विचारतो, "वर्गात कशाने सोपं जाईल?" आणि पुढे पर्याय देतो: मोठी अक्षरं, पुढची जागा, खुणांची भाषा, व्हीलचेअरला मोकळी बाजू, ऐकूनच शिकणं, लिहा-वाचायला न लावणं. हा कागद सगळे भरतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आम्ही तोंडी विचारतो, तेही बाजूला घेऊन.

दुसरा प्रश्न, "तुम्हाला नक्की काय करायचंय?" यावर "कॉम्प्युटर शिकायचाय" असं उत्तर आलं की मी आणखी खोदून विचारते. मग बहिणीशी व्हिडिओवर बोलायचंय, खात्यातली शिल्लक स्वतः पाहायची आहे, डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे, असं काहीतरी निघतं. अभ्यासक्रम यातूनच तयार होतो. संगणकाचा इतिहास आणि भागांची नावं यांनी सुरू होणारा वर्ग मी पाहिला आहे. तिसऱ्या दिवशी तिथे अर्धी खोली रिकामी होती.

खोलीबद्दल थोडक्यात. वायर जमिनीला चिकटवून टाका. टेबलाची एक बाजू खुर्चीविना ठेवा आणि व्हीलचेअरवर बसलेल्याचे गुडघे टेबलाखाली जातात का ते आधी बघा. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्याला तुमचा चेहरा काळाच दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. सहा जणांमागे दोन मदतनीस असावेत, त्याहून कमी असतील तर संख्या कमी करा. नातेवाइकांना बाहेर बसवा. शेजारी बसलेला मुलगा तीन मिनिटांत आईचा फोन हिसकावतो आणि आईही तो सुटकेचा श्वास टाकत देते.

कर्णबधिर व्यक्ती वर्गात असेल तर शिकवण्याची लयच बदलावी लागते. मला हे उशिरा कळलं. आपल्याला बोलता बोलता दाखवायची सवय असते. पण दुभाषाचे हात बघायचे की पडदा, डोळे एकाच ठिकाणी जाणार. म्हणून आधी सांगा, मग थांबा, मग दाखवा, मग करू द्या. यात वेळ जास्त जातो, पण ऐकू येणाऱ्यांनाही हीच पद्धत जास्त मानवते असं मला आढळलं.

पहिला अर्धा तास फक्त फोन माणसाला बसेल असा करण्यात घालवा. अक्षरं मोठी करा. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. अनेक फोनांत ती तीस सेकंदांच्या आसपास असते आणि शिकणारा विचार करेपर्यंत समोर अंधार होतो, की त्याला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. हेही त्यांच्याच बोटांनी करवून घ्या.

मग पहिला धडा. तो उघडण्याचा नसून परत येण्याचा असतो. कुठेही भरकटलात तरी मुख्य पडद्यावर कसं यायचं, हे दहा वेळा करा. मी मुद्दाम सांगते, "आता हवं तिथे बोट लावा, हरवून या." संगणकावर हेच काम कंट्रोल आणि झेड ही बटणं एकत्र दाबून होतं. लिहिलेला परिच्छेद पुसून टाकायचा आणि तो परत आणायचा. पुसलेलं परत येतं हे कळलं की चेहरे बदलतात. मोठ्या माणसांची अडचण बहुतेकदा समजण्याची नसते, मोडेल या धास्तीची असते.

शब्दांकडे लक्ष द्या. "क्लिक करा", "टॅप करा", "दाबा", "प्रेस करा" हे आपल्यासाठी एकच, शिकणाऱ्यासाठी चार वेगळ्या क्रिया. आम्ही मदतनिसांनी बसून शब्द ठरवले: बोट टेकवा, दाबून धरा, सरकवा. बस्स. सेटिंग म्हणजे दातेरी चाक. आणखी पर्याय म्हणजे तीन ठिपके. आणि "ते हिरवं बटण" असं कधीच म्हणू नका. ज्याला रंग ओळखता येत नाहीत तो गप्प बसतो आणि चुकतो. "खाली उजव्या कोपऱ्यात, कागदी विमानासारखं चित्र" असं सांगा. छापील कागदाचंही तेच. फिकट राखाडी अक्षरं देखणी दिसतात, वाचता येत नाहीत. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जी जागतिक नियमावली आहे, तिच्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ मागितलं आहे. पांढऱ्यावर काळं वापरा, वाद संपला.

आता बोटांविषयी, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फोनचा पडदा दाब ओळखत नाही, बोटातून होणारा विजेच्या भाराचा सूक्ष्म बदल ओळखतो. वयानुसार त्वचा कोरडी होते आणि कोरड्या बोटाची दखल पडदा नीट घेत नाही. मग माणूस आणखी जोरात दाबतो, बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि फोन त्याचा अर्थ "दाबून धरलं" असा घेऊन भलतीच यादी उघडतो. नखाने तर काहीच होत नाही. उपाय साधा: ओलसर रुमालावर बोट टेकवा, नख बाजूला ठेवून बोटाचा मांसल भाग हलकेच लावा. हात थरथरत असेल तर फोन हातात धरू नका, न घसरणाऱ्या रबरी तुकड्यावर टेबलावर ठेवा. दाबून धरण्याचा अवधी वाढवायची सोय सेटिंगमधल्या सुलभता विभागात असते. संगणकावर डबल क्लिक जमत नसेल तर त्यावर आठवडा घालवू नका. एकदा क्लिक करून एंटर दाबा. एका हाताने काम करणाऱ्याला स्टिकी कीज सुरू करून द्या, म्हणजे कंट्रोल आणि सी एकाच वेळी दाबण्याऐवजी एकापाठोपाठ एक दाबता येतात.

एकदा एक अंध ताई आल्या. मी तयारी करायला म्हणून स्वतःच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, सुरू केलं आणि ते बंदच करता येईना. फोन बडबडत होता, माझं प्रत्येक बोट निष्फळ. टॉकबॅक सुरू असताना एकदा टेकवलं तर फोन फक्त नाव वाचतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे मला वाचून माहीत होतं, हाताला नव्हतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, "आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरून ठेवा." तुमच्या वर्गात अंध व्यक्ती येणार असेल तर आधी आठवडाभर रोज पंधरा मिनिटं पडदा झाकून फोन वापरा. संगणकासाठी एनव्हीडीए हे पडदावाचक विनामूल्य मिळतं. मायकल करन यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांना मिळाले, आणि दोघेही स्वतः अंध आहेत. त्या ताई नंतर आमच्याकडे मदतनीस झाल्या. त्यांचा फोन इतक्या वेगाने बोलतो की मला एक शब्द कळत नाही.

प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं मागच्या धड्याला द्या, वह्या मिटून. आधी आठवू द्या, अडलं तरच वही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला किती झपाट्याने विसरतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की कसं टिकतं, हे त्यांत दिसलं. म्हणून सलग तीन तासांच्या वर्गापेक्षा आठवड्यातून दोनदा एकेक तास बरा.

वही ज्याची त्याने लिहायची. मी एके काळी सुंदर छापील पुस्तिका केली होती. पुढच्या अपडेटला बटणांच्या जागा बदलल्या आणि पुस्तिका रद्दीत गेली. लिहिता न येणाऱ्या एक आजी चित्रं काढतात: फोन, त्यात गोल, गोलात डोळा. तो डोळा म्हणजे व्हिडिओ कॉल. मला ते कधीच सुचलं नसतं. ज्यांना दिसत नाही ते पायऱ्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करतात.

पासवर्ड आणि पैशांच्या वेळी हात मागे ठेवून भागत नाही, पाठ फिरवावी लागते. शिकणारा पिन टाकत असताना मदतनिसाने तोंड वळवायचं, आणि शिकणारा पासवर्ड सांगू लागला तरी "मला नको" म्हणायचं. पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द चालतात. तो कागदावर लिहून घरात जपून ठेवला तर मी रागावत नाही. सगळीकडे एकच वापरण्यापेक्षा ते बरं. फसवणुकीवर भाषण देऊ नका, नाटक करा. मदतनीस दुसऱ्या खोलीतून फोन करून बँकेचा अधिकारी होतो, घाई करतो, खातं बंद पडेल म्हणून घाबरवतो, ओटीपी मागतो. शिकणाऱ्याने फोन ठेवायचा. आश्चर्य म्हणजे बोलणाऱ्याला मध्येच तोडून फोन ठेवणं हेच अनेकांना जड जातं, उद्धट वाटतं. त्याचा सराव हवा. आणि कोणी आधी फसलेलं असेल तर त्याची गोष्ट वर्गात काढू नका, त्याने काढली तर ऐका.

वर्ग संपला तरी आठवड्यातून एक मोकळा तास ठेवा, नावनोंदणीशिवाय. अपडेटने काही हलवलेलं असतं, नवा फोन आलेला असतो. त्या टेबलावर वेगवेगळ्या खाचांचे तीन-चार चार्जर ठेवा. "फोन बिघडला" म्हणून धावत येणाऱ्यांतले बरेच फोन फक्त उपाशी असतात.